लादी

शनिवारी दुपारी भट्टी निवत आलेली.
पहाटेचा माल संपला होता, एकच लादी मागे ठेवलेली,
कायतानने सांगून ठेवली होती म्हणून.
तो पणजीच्या एसटीतून उतरला तो थेट इथेच,
डोक्यावर मासळीची बर्फपेटी.
वेंगुर्ल्यापर्यंत सगळी गाडी विचारत आली असेल, काय गावला?
आत बांगडा नव्हता.
सलामी होती, मोर्तादेला, हॅम,
आणि दोरीत आवळलेलं, दुधी भोपळ्याएवढं चीज,
ज्याचं नाव त्याने दोनदा सांगितलं
आणि मी दोनदा विसरले.

"पेर्पेत, तुझी सुरी दी."
दिली. अंगठ्यावर लावून पाहिली, परत केली.
मग स्वतःची काढली,
पासपोर्टच्या पिशवीतून.

लादी मी सुटी करायला घेतली, तर हात धरला.
"मोडू नको गो. अख्खी आडवी काप."
चोवीस पाव, एकमेकांच्या कुशीला चिकटलेले, तसेच,
वरचं छप्पर या ताटात, खालची जमीन त्या ताटात.
तीस वर्षं लादी मोडतेय मी, हाताने.
तिच्या पोटात सुरी घातली नव्हती कुणी.

सलामीचा काप त्याने दाराकडे धरला.
त्यातून रस्ता दिसला, लालसर, ठिपक्याठिपक्यांचा,
आणि सायकलवरून जाणारं गिरपांचं पोर.
"आता बरोबर," म्हणाला.
मोर्तादेलात हिरवं काहीतरी होतं.
मटार?
पिस्ता.
मटणात पिस्ता! आम्ही तो बघितला श्रीखंडावर, तोही मोजून तीन.

लोणी वितळलं, लसूण ठेचली, मोहरी वाटली.
ओरेगानोची पुडी मात्र पणजीतच राहिली.
दाराशी तेलाच्या डब्यात माझा पानओवा आहे,
खोकल्यासाठी लावलेला.
त्याने पान चुरगळलं, हुंगलं,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "ह्यो हयच होतो?"

सगळं रचून झालं, छप्पर बसलं, वरून लोणी,
आणि कायतान ट्रे हातात घेऊन उभाच.
"किती वेळ ठेवूचो?"
मी हसले. अरे, एकवीस वर्षं बोटीवर तू!
"माका काय ठावक? माझा काम थंडीतला."
मग कळलं. कापायची खोली होती ती,
बिनखिडकीची, फ्रीजच्या आत दुसरा फ्रीज.
रात्री अकराशे काप, स्वेटरवर स्वेटर,
ट्रे भरला की दार उघडायचं, कुणीतरी घेऊन जायचं.
शेगडी कुठल्या मजल्यावर, ते त्याने पाहिलं नाही.
गरम झाल्यावर हे दिसतं कसं, तेही नाही.

मी भट्टीत हात घातला.
माझ्या बापाची रीत: नमो मारिया म्हणायचं.
निम्म्यावर हात ओढावा लागला तर पाव,
पुरं होऊन वर श्वास उरला तर नानकटाई.
"मरणाच्या वेळी"पर्यंत पोचले.
"घाल," म्हटलं.
काजूच्या लाकडाची धग, हळू असते पण विसरत नाही.

हमीदभाईंचा ट्रे आधीच वेगळा, कोलंबी आणि चीजचा,
माझ्या सुरीने कापलेला.
केळुसकर दाजी शनिवार पाळतात.
ते आले, ओट्यावर बसले,
आणि बारा वाजायची वाट बघत राहिले.
बारापर्यंत राहणार काय?
त्यांच्यासाठी दोन मी फडक्यात बांधून ठेवले,
एक त्यांना दिसेल असा.

पार्टी कशाची, कुणीतरी विचारलं.
कायतानचं तोंड भरलेलं होतं.
चीजचा धागा ओठापासून बोटापर्यंत,
तुटेना, तोही तोडेना.
टाळू भाजला त्याचा. डोळ्यात पाणी आलं.
"हूंऽऽ," एवढंच म्हणाला, आणि दुसरा उचलला.

रविवारी पहाटेच्या पावाला वास लागला.
दोघांनी परत केले. बरोबरच आहे त्यांचं,
मी पैसे देऊन टाकले, भट्टीचा तळ पुसून घेतला.
शाळेच्या बाईंनी मात्र लादी नाकाशी धरली,
आज काय घातलंस गं यात?
काही नाही, म्हटलं.
काल भट्टी जरा बोटीवर जाऊन आली.