अर्थिंग

पहिल्यांदा आलं ते खांबावर नाही.
खांबावर मला कधीच काही झालं नाही, हे आधी सांगतो.
आलं ते गोलू नक्षिणेच्या दुकानात.
गळ्याला कपडा, अर्ध्या गालाला साबण,
रेडिओवर कापसाचे भाव.
कोणीतरी छातीतला फ्यूज ओढला,
तरी दिवे सगळे चालूच,
नको तितके चालू.
बोटं गार, ओठांना मुंग्या,
आरशातला माणूस माझ्याकडे बघत बघत मरत होता.
उठलो तसाच, कपड्यासकट,
हातपंपापर्यंत पळालो.

गावाला आठवडाभर पुरलं ते.
"लाईनमनले झटका बसला बापा, वस्तऱ्याचा!"

यवतमाळला ईसीजी काढला.
त्या कागदावरची रेघ मी खूप वेळ न्याहाळली:
खांब, झोल, खांब, झोल,
तार कुठेही तुटलेली नाही.
मग मेला तो कोण?

वनिताने मीठ-मोहरी ओवाळली, दोनदा.
तिसऱ्यांदा रात्री तीनला आलं
तेव्हा तिने काही ओवाळलं नाही.
पाठीवर हात ठेवून बसली,
आणि कुलरमधलं पाणी संपल्याचं बोलत राहिली.

आरोग्य केंद्रातल्या मडावी मॅडम म्हणाल्या,
भीतीची लाट आहे, चढते तशी उतरते.
तिच्याशी भांडू नका.
श्वास बाहेर सोडा, लांब.
पाय जमिनीला टेकवा, हाताला काय लागतं ते बघा.
मी म्हटलं, मॅडम, म्हणजे अर्थिंग.
त्या हसल्या नाहीत.
चिठ्ठीवर गोळीच्या खाली त्यांनी लिहिलं: अर्थिंग.

आमच्यात बंद लाईनवर भरवसा ठेवत नाहीत.
परमिट खिशात असलं तरी आधी रॉड टाकायचा,
कारण कोणाच्या तरी घरचं जनरेटर
उलटा करंट पाठवतं.
तीन वर्षांपूर्वी, पारव्याच्या फीडरवर, पाठवला होता.
वर मी नव्हतो.
मी खाली होतो, शिडी धरून.
वर होता त्याचं नाव
मी अजून मॅडमनाही सांगितलेलं नाही.

आता फोन वाजला की आधी पोट वाजतं.
"साहेब, डीपी उडाली" एवढंच असतं, दहापैकी नऊ वेळा.
दहाव्या वेळेसाठी मी चप्पल काढतो.
काळ्या मातीत उभा राहतो,
टाचेला भेग लागते, पऱ्हाटीचं धसकट लागतं,
एक मुंगळा, त्याला घाई असते.
खांबांचे नंबर उलटे म्हणतो,
एकेचाळीस, चाळीस, एकोणचाळीस,
सदतिसाव्यावर कधी कधी उतरतं.
कधी उतरत नाही.
मग पुन्हा एकेचाळीस.

वैशाखात डीपीच्या खड्ड्यात
बादलीभर पाणी ओतावं लागतं.
कोरड्या मातीत करंट उतरत नाही.
हे मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो,
आणि स्वतः मात्र
दिवसभर घोटभर पाण्यावर हिंडलो.

काल गोलूकडे गेलो.
त्याने खुर्ची दाराकडे फिरवली,
कपडा गळ्याला बांधला नाही,
मांडीवर टाकला नुसता.
साबण फेसत, आरशात न बघता म्हणाला,
"माह्या बायकोले बी होते असंच.
मी कोनाले सांगतलं नाई."
वस्तरा गालावर आला.
मी पायाने फरशी शोधली.
फरशी होती.