जलचिन्ह

अण्णांच्या छातीचा फोटो
पुण्याला डॉक्टर खैरनारांकडे पाठवायचाय.
किल्ली लावते तशा
बरगड्या विरतात, फुप्फुस विस्कटतं,
पडद्यावर नुसते सांडलेले तीळ.

"खूण घातलीस?"
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसात
नोटेचा कागद उजेडाला धरून
पाण्याची खूण तपासलेला माणूस विचारतो.

घातलीय आधीच. तुमचा बिल्ला नंबर,
करड्यात करडा मिसळून.
वाटेत कुणी एक ठिपका जरी हलवला
तर नंबर मोडेल.

ते लॅपटॉपच उचलतात,
जेलरोडकडच्या खिडकीशी नेऊन
एक डोळा मिटतात.
खोकला येतो, तीळ थरथरतात.

दिसणार नाही, अण्णा.
"घातलीस कुठं पण?"
उजवीकडे, खाली, कोपऱ्यात.
"आणि डाग आहे तिथं?"

तिथं काहीच नाही घातलं.
तो आहे तसाच पोचायला हवा.