जस्त

मुहर्रकच्या या वॉर्डात खिडकी उघडत नाही.
काचेपलीकडे समुद्र, अलीकडे एसीची घरघर,
आणि सात नंबरवर यासीन दळवी, श्रीवर्धनकडचे,
आठ महिने नाकातल्या नळीवर.

दर चार तासांनी मी दूध सोडते.
व्हॅनिलाचा वास येतो. त्यांना नव्हे, मला.
डब्यावर छापलंय: संपूर्ण आहार.

आधी ओठांच्या कडा लाल झाल्या,
मग बोटांच्या बेचक्या,
मग बैठकीची कातडी
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटू लागली.
उशीवर केस.
बुरशी म्हणाले, मलम आलं.
चिकटपट्टी सोसत नाही म्हणाले, पट्टी बदलली.
तिसऱ्या मलमानंतर कुणीतरी म्हणालं, वय.
तोंड पुसायला गेले की ते मान भिंतीकडे वळवायचे.
वाचा तर झटक्यातच गेलेली.

शुक्रवारी मुलाचा व्हिडिओ कॉल.
"अब्बांचे हात बघवत नाय, सिस्टर.
सुक्या गोदीत होते ते, तेवीस वर्सं.
बोटीच्या बुडाला जस्ताच्या वड्या बसवायचे.
खारं पानी आधी जस्त खातं,
मंगच लोखंडाला हात लावतं.
दोन वर्सांनी बोट वर घेतली
की वड्या अर्ध्या झालेल्या असायच्या."

मिरजेला आमच्या मोरीत जस्ताची बादली होती.
हा शब्द मला तेवढ्यापुरताच ठाऊक.
फोन ठेवला आणि चार्ट मागे मागे उलटत गेले.
माझंच अक्षर:
पातळ. चार वेळा पातळ. पातळ.

डॉक्टर इल्हाम खार्तूमच्या.
बोटीची गोष्ट ऐकून हसल्या नाहीत,
निळ्या बुचाची नळी मागवली.
नऊ दिवसांनी आकडा आला,
असायला हवा त्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

गोळी कुटायची, पाण्यात ढवळायची,
नळीतून सोडायची, मागून पुन्हा पाणी.
पाचव्या दिवशी ओठांची कड कोरडी पडली.
मग बेचक्यांत नवी कातडी,
पतंगाच्या कागदाएवढी पातळ;
हातमोज्यातूनही बोट लावायची भीती वाटे.

आज कापूस भिजवून ओठांशी नेला.
मान वळली नाही.
जीभ हळूच बाहेर आली, कापूस चाटला.
साधं पाणी होतं,
तरी त्यांनी तोंड वाकडं केलं,
खारट लागल्यासारखं.

चार्टमध्ये लिहिलं:
तोंड स्वच्छ केलं. पेशंटने सहकार्य केलं.