वजनात घट

दौलतगंजात, घड्याळजीच्या माडीवर आमचं दुकान.
काचेमागे साखळीत ओवलेल्या सहा रायफली,
भिंतीवर पप्पांचा परवाना, आता माझ्या नावाचा.
पाटी अजून 'मुंगी आणि पुत्र' म्हणते.
पुत्र म्हणजे मी.

भितरवारहून आला तो, शिवप्रताप किरार,
हातात एसडीएमचा कागद: तीन जनावरं, पंधरा दिवस.
कागदावर 'रोजडा' लिहिलेलं.
गाय म्हटलं की या मुलखात शाईसुद्धा अडखळते.

"बडी चीज दिखाओ, दीदी," म्हणाला,
बोट थेट तीस-शून्य-सहावर.
आजोबांची तीनशे पंधरा खाली, त्याच्या पायाशी,
पोत्यात गुंडाळलेली,
पाहुण्यांसमोर न आणायच्या आत्यासारखी.

मी विचारलं, किती लांबून?
जितक्या लांबून बसेल, म्हणाला.
मी विचारलं, मोहरीच्या पलीकडे काय?
तो थांबला.
"शाळा. पण रविवारी बंद असते."
हे उत्तर मी वहीत लिहिलं नाही.

मग अठन्नीचा खेळ.
खोटी गोळी भरायची, नळीवर नाणं ठेवायचं,
कॅलेंडरातल्या एकादशीवर नेम,
आणि चाप.
तीस-शून्य-सहावर नाणं तीनदा पडलं,
त्यातलं एकदा थेट चहात.
कधीतरी कुणाच्या तरी शेतात लाथ खाल्लेला खांदा
धडाक्याच्या आधीच डोळा मिटतो.
आजोबांच्या बंदुकीवर नाणं बसून राहिलं,
म्हशीच्या पाठीवरच्या बगळ्यासारखं, कंटाळून.

जनावर दोनशे किलोंचं, मी म्हटलं,
मानेच्या कातड्याच्या ढाली करत, असं पप्पा सांगायचे.
पण त्याला आकडा मारत नाही.
वीतभर जागा असते, पुढच्या पायामागे. तीच.
ती दिसली नाही तर घरी जाऊन जेवायचं.

आणि काढला आईचा कुंकवाचा करंडा.
त्यात पप्पांच्या गोळ्या,
भिजवलेल्या जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात झाडून
चिमट्यानं परत काढलेल्या.
ही कडक टोकाची. गेली तशीच निघाली,
बारा वर्षांची ग्रहणं, लग्नाचे मुहूर्त भेदून,
टोकाला ओरखडा नाही.
हिच्या बहिणीनं एक रोज
घाटीगावच्या नाल्यात दोन दिवस चालवला.
पप्पा मागे.
दुसऱ्या रात्री त्यांनी कंदील विझवला
आणि श्वास ऐकत बसले.
कुणाचा, ते कधी सांगितलं नाही.
ही बघ, मऊ टोकाची.
कशी उमलली आहे.
कण्हेरीसारख्या पाच पाकळ्या.

त्यानं करंडा हुंगला. का, कुणास ठाऊक.

पाच दिल्या, मऊ टोकाच्या, आजोबांच्या नळीच्या.
वहीत सही घेतली.
शाळेकडे पाठ करून बस, म्हटलं,
रविवार असला तरी.

दहाव्या दिवशी चार परत
आणि रुमालात एक उमललेली.
"किती पावलं गेला?"
"अकरा."
मग जिना उतरता उतरता,
"मोजायची नव्हती मला. मोजली गेली."
बाकीची दोन जनावरं?
कागदाची मुदत संपू दे, म्हणाला, खालूनच.

संध्याकाळी मी ती सराफ्यात नेली, पारखांच्या काट्यावर.
नवी गोळी पंधरा ग्रॅम आठशे मिली.
ही चौदा ग्रॅम पन्नास.
पारखांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
"पावणेदोन ग्रॅमची घट, ताई.
लहान मुलीच्या कानातली एक बाळी."
आणि सवयीनं फरशीकडे बघत विचारलं,
कुठे सांडलं, झाडू मागवू का.