नडगी

उलव्याच्या वळणावर डंपरने सांडलेली खडी.
माझंच पुढचं चाक तिच्यावरून गेलं
आणि पोटाखाली टण्ण.
थांबले नाही. मागच्या डब्यात बर्फ होता,
बर्फात अकरा माणसांचं रक्त,
नेरूळच्या लॅबला साडेदहाच्या आत.

परत निघताना वॉचमन म्हणाला,
ताई, गाडी गळतेय तुमची.
फरशीवर भाकरीएवढं काळं तेल.

तुर्भ्याला थंगराजने गाडी आडवी केली.
पेट्रोलने चिखल धुतला, फडकं फिरवलं,
मग त्या जागेवर खडू घासला आणि बिडी पेटवली.
बिडी संपेपर्यंत पांढऱ्यावर
एक ओली रेघ उमटली,
ड्रेन बोल्टपासून वर, कानामागच्या शिरेसारखी.
नवी केस नऊ हजार, शिवली तर बाराशे.
तो वेल्डिंगला शिवणं म्हणतो.

बाप सोबत आला होता, बाकड्यावर बसलेला,
छातीत खाणीची गिरणी अजून चालू.
नाव दगडू. आधीची दोन जगली नाहीत
म्हणून आजीने ठेवलं :
दगडाला कोण नेतंय.
मग पारसिकच्या कड्यावर एकवीस वर्षं
दगडूने दगड फोडला.

थंगराजने बारीक ड्रिल घेतलं
आणि चिरेच्या अगदी टोकाला भोक पाडलं.
बाप उठलाच. अरे, आधीच फुटलंय, त्यात आणि भोक?
चीर टोकातून धावते, काका.
टोक गोल केलं
की तिला कळत नाही कुठे जायचं.

बाप बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आम्ही भोकं पाडायचो
ती चीर धावावी म्हणून.
वीत-वीतभर अंतरावर, एका ओळीत,
पाचरी ठोकायच्या, घणाचा शेवटचा घाव,
आणि कातळ दार उघडल्यासारखा.
एका भोकाने थांबवता येतं
हे कुणी सांगितलंच नाही.

निळा उजेड पेटला. मी तोंड फिरवलं.
काका, डोळे! थंगराज ओरडला.
बाप बघतच होता.

शिवण झाली, तेल भरलं, गळत नाही.
पण पुन्हा बसला तर?
थंगराजकडे तयार गार्ड होता, चौदाशेचा.
बापाने भंगारातून बसच्या पायरीचा पत्रा ओढला,
तोच, पाय सरकू नये म्हणून फुल्या उठवलेला,
आणि इंजिनाखाली हाताने धरला.
दगड समोरून येत नाही, म्हणाला,
आपलंच चाक उचलतं आणि इथं मारतं.
इथं, म्हणून बोट ठेवलं, बरोबर शिवणीवर.
पत्रा चिकटवू नकोस.
बोटभर जागा सोड, मधे रबर दे.
मार पत्र्याने खायचा, आत पोचवायचा नाही.

आणि भर दुकानात लेंगा वर केला.
दोन्ही नडग्यांवर पांढरे खळगे,
पाट्यावर टाकी मारल्यासारखे.
ट्यूबचे तुकडे बांधायचो पुढं पुढं.
घट्ट बांधली तर चिपरी आतपर्यंत लागते.
सैल बांधायची.
हे सगळं सैल कळायच्या आधीचं.

थंगराजने पत्रा वाकवला,
खाली तेलासाठी भोक ठेवलं,
बापाकडून मजुरी वळती करू का विचारलं,
आणि दोघं हसले. बापाला नंतर खोकला.

आज त्याच वळणावर पुन्हा.
पण आवाज वेगळा आला, ढब्ब,
मधे रिकामी जागा असल्याचा.
घरी येऊन खाली वाकले : तेल नाही.
पत्र्याला एक पोचा, पोच्यात राखाडी पूड.
बापाने पूड अंगठ्यावर घेतली,
तर्जनीने चोळली, उजेडात धरली.
पारसिकचा नाही हा, म्हणाला.
नरम आहे.