पाव फेरा

बारा रोलर, बाराशे किलो.
प्रत्येकी शंभर, असं म्हणून मोकळी झाले असते मी
पहिल्या वर्षी.
आता उद्यमनगरातल्या या पोटमाळ्यावर
कागदाला ग्रीस लागू न देता
आधी शाफ्ट किती खाली बसेल ते धरते,
मग भार काढते, बेरीज जुळत नाही,
पुन्हा धरते.
चौथ्या खेपेला जुळली:
तीस मायक्रॉन. केसाची निम्मी जाडीसुद्धा नाही.
तळाच्या एकट्यावर पाचशे,
दोन्ही शेजाऱ्यांवर साडेतीनशे-साडेतीनशे,
त्यांच्या पलीकडे नव्वद-पंच्याण्णव.
वरचे सात
नुसते हिंडतात.

मुजावर मिस्त्रींना वाचून दाखवलं.
गुऱ्हाळाचा चरक उघडून बसलेले,
कोपरापर्यंत काळे हात, त्याला मळीचा वास.
"तळातला तळातच ऱ्हातोय व्हय? फिरतंय की त्ये.
ज्याची त्याची पाळी येती, सरती."

बरोबर.
मग त्यांनी बाहेरची रिंग पुसली, उजेडात धरली.
खाली, एकाच जागी,
नखाएवढी चरलेली.
"ही मातर हालत न्हाई.
समदे हिच्याच उरावरनं जात्यात."

माझ्या गणितात रिंग ताठ होती,
कशानंही न दबणारी.
तसं धरल्याशिवाय ते सुटतच नाही.

त्यांनी पंचनं कडेला एक टिंब मारलं,
रिंग पाव फेरा फिरवून बसवली,
खालच्या पोराला ओरडून सांगितलं,
"फुडच्या हंगामाला आनि पाव. इसरशील बग!"

कुठल्या रकान्यात मांडायचं, कळेना.
समासात लिहिलं.