तपकिरी खूण

पारोळ्यात, किल्ल्याच्या खंदकासमोर माझं मेडिकल.
नळाच्या वेळेला गिऱ्हाईक नसतं,
तेव्हाच येते धुर्पताबाई.
पायरी एकच, पण ती तिला दोनदा चढते:
आधी डावा, मग तिथेच उजवा.
"दंडवत, भाऊ,"
आणि काउंटरची कड घट्ट धरून उभी.

दोन गुडघ्यांमधून मांजर जाईल एवढी फट.
चाळीस लग्नसराया ती खापरापुढे बसली,
एक पाय मुडपून, एक उभा,
पुरणाचा उंडा मनगटावरून कोपरापर्यंत
झुलवत झुलवत परातीहून मोठा केला
आणि पालथ्या खापरावर टाकला,
सुरकुती नाही.
माझ्या लग्नातले मांडे तिचेच.
वडील म्हणाले होते, यातून पेपर वाचता येतो.
तिच्या कूर्चेचा विचार तेव्हा कोणी केला नाही.
मी फार्मसी शिकलेला, मीही नाही.

आता सुरतेहून नातवानं मोबाइलवर फोटो धाडलाय:
साठ गोळ्यांची डबी, वर धावणारा माणूस.
त्याचे गुडघे झकास आहेत.
अकराशे नव्वद.
रुमालाची गाठ सुटते. बोटं हळदीची,
नोटाही.

"ह्या खाईसन मांडी घालता यी का, भाऊ?"

मला ठाऊक आहे तेवढं सांगतो.
कुणाला उतार पडतो, कुणाला काहीच नाही.
दोन-तीन महिने घेऊन बघायचं.
झिजलं ते भरून येत नाही.
सांगता सांगता डबी फिरवतो, तर कोपऱ्यात
मोहरीएवढी तपकिरी खूण.
सकाळपासून गल्ल्यात चारशे रुपये.
तिच्या घरात तीन पिढ्या अंडं आलेलं नाही.
खुणेवर बोट ठेवतो.
ठेवूनच राहतो थोडा वेळ.
मग उचलतो.
"मावशी, हे खेकड्याच्या कवचाचं असतं."

ती डबीकडे बघते, मग माझ्याकडे,
मग लुगड्याखालच्या आपल्या पायांकडे.
"खेकडा? तो ते आडवाच चालस.
मी बी आडवीच चालस.
त्याले खाईसन काय सरळ व्हसू?"
आणि हसते, कड सोडून,
दोन्ही हातांनी.

शाकाहारी गोळी जळगावहून मागवता येईल, म्हणतो,
दीडशे जास्त, शनिवारपर्यंत.
चूल ओट्यावर घे, उभ्यानं कर, असंही म्हणतो.
"उभ्यानं मांडा फाटस, भाऊ."
गुरुवारी तामसवाडीला लग्न आहे, सव्वाशे पान.
वीस रुपयांची मलमाची ट्यूब घेते,
राहिलेल्या नोटा पुन्हा गाठीत.
पायरी उतरताना उलटी होते,
कड धरून, तोंड दुकानाकडे,
विहिरीत उतरावं तशी.

डबी अजून फळीवर आहे.
धावणाऱ्या माणसाच्या गुडघ्यावर
पिवळा अंगठा उमटलाय. स्पिरिटनं पुसलं असतं तर गेला असता.
कुणी मागितली, तर सांगतो:
खोक्याला डाग आहे,
दहा रुपये कमी द्या.